इकडचे कार्ड तिकडे चालेल का?

पिंपळगाव रेणुकाईची हिरवी मिरची हंगामात गाड्या भरभरून बाहेर पडते आणि त्यातली काही दुबई, बांगलादेशपर्यंत पोहोचते. भोकरदन तालुक्याच्या या गावातून आणि आसपासच्या भागातून मिरचीच्या मागोमाग माणसेही जातात. कुणाचा मुलगा रियाधला गाडी चालवतो, कुणाचा भाऊ दमामला वेल्डिंग करतो. मिरचीला बरा भाव लागला त्या वर्षी घरातली वडीलधारी मंडळी उमऱ्याची तयारी करतात. गाडी सोडण्याआधी व्यापारी हमखास विचारतो, माल वाटेत खराब झाला तर पैसे कोण देणार? माणूस पाठवताना मात्र हा प्रश्न घरात सहसा निघत नाही. निघालाच तर "अल्लाह मालिक है" म्हणून मिटवला जातो. तवक्कुलविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण आधी उंट बांधा आणि मग भरवसा ठेवा, ही शिकवण आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणीच ऐकलेली आहे.

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा असतो. "आमच्याकडे पाच लाखांचे कार्ड आहे. अब्बा-अम्मी उमऱ्याला चालले आहेत. तिकडे काही झाले तर हे कार्ड चालेल का?"

उत्तर सरळ आहे: चालणार नाही.

आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. महाराष्ट्राची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले, आणि आता तिची मर्यादाही दीड लाखावरून ५ लाखांवर गेली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. हे सगळे चांगलेच आहे आणि ज्यांनी कार्ड काढले नसेल त्यांनी काढावे. आयुष्मानचे कार्ड हैदराबाद किंवा दिल्लीच्या यादीतल्या रुग्णालयातही चालते. पण देशाची हद्द ओलांडली की या दोन्ही योजना संपतात. जेद्दाच्या विमानतळावर उतरलेल्या माणसाच्या खिशात ते कार्ड असले काय आणि नसले काय, सारखेच.

खासगी कंपनीची पॉलिसी ज्यांनी घेतली आहे त्यांनाही वाटते की आपले भागेल. त्यांनी पॉलिसीची ती जाड पुस्तिका काढावी आणि भौगोलिक हद्दीविषयीचे कलम शोधावे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक साध्या पॉलिसींत तिथे एकच देश लिहिलेला असतो: भारत. काही महागड्या पॉलिसींत परदेशातल्या उपचाराची सोय असते, पण तीही दोन प्रकारची. एकीत फक्त अचानक उद्भवलेले संकट धरले जाते: अपघात, हार्ट अटॅक, पक्षाघात. दुसरीत कॅन्सर, बायपास, अवयव प्रत्यारोपण अशा मोजक्या मोठ्या आजारांसाठी ठरवून परदेशी जाऊन उपचार घेता येतात. पण आजाराचे निदान भारतात झालेले असावे लागते आणि कंपनीची मंजुरी आधी घ्यावी लागते. एजंट "वर्ल्डवाइड कव्हर" एवढेच बोलतो. या दोनपैकी कोणते, हे त्याला विचारा आणि त्याने सांगितलेले पुस्तिकेत दाखवायला लावा.

दुसऱ्या प्रकाराविषयी फार लिहीत बसत नाही. ठरवून परदेशात उपचार घ्यायला जाणारे आपल्या वाचकांत अगदी थोडे असतील. उलट ओमान, येमेन, इराकचे रुग्ण मुंबई-हैदराबादला येतात. कुणाला जावेच लागले तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते आणि त्याहून जास्त लागणार असेल तर डॉक्टरचे किंवा तिथल्या रुग्णालयाचे अंदाजपत्रक बँकेला दाखवावे लागते, एवढे लक्षात असू द्यावे.

उमऱ्याच्या व्हिसातच विमा असतो

ही गोष्ट पुष्कळांना माहीतच नसते. सौदी सरकारने बाहेरून येणाऱ्या उमरा यात्रेकरूंसाठी विमा सक्तीचा केला आहे आणि त्याचा हप्ता व्हिसाच्या पैशांतच वसूल होतो. म्हणजे अब्बांनी टूरवाल्याला जे पैसे दिले त्यात तो आलेला आहे. या विम्याची कमाल मर्यादा १ लाख रियाल आहे. आपल्या रुपयांत वीस लाखांहून जास्तच. अचानक आजारपण, अपघात, तातडीचे ऑपरेशन, अगदीच वेळ आली तर मय्यत मायदेशी आणण्याचा खर्च, असे त्यात धरलेले असते.

इतकी मोठी सोय आणि आपली माणसे तिकडे छातीत दुखत असताना टूरच्या खोलीत पडून राहतात, कारण दवाखान्याचे बिल कोण भरणार! सौदीत शिकलेल्या नातवाशी फोनवर बोलून, पेनकिलर खाऊन दिवस काढतात. म्हणून निघण्याआधी टूरवाल्याकडून तीन गोष्टी कागदावर घ्या: विम्याचा नंबर, विमा कंपनीचे नाव आणि तिथे कोणत्या फोनवर कळवायचे तो नंबर. तो म्हणेल, "हाजीसाब, सब है, फिकर मत करो." तरीही घ्या. कागदाच्या दोन प्रती काढा. एक यात्रेकरूच्या गळ्यातल्या पाकिटात राहील, एक गावी मुलाकडे.

हा विमा काय करत नाही, तेही माहीत हवे. सौदीच्या भूमीवर पाऊल ठेवल्यापासून ती सोडेपर्यंतच तो असतो. स्वस्त तिकिटासाठी शारजा किंवा मस्कतला आठ-दहा तास थांबणारे विमान घेतले आणि तिथे चक्कर येऊन पडलात, तर तो कामाचा नाही. जुन्या गुडघेदुखीवर उपचार, साखरेची नेहमीची तपासणी, दातांची कवळी, यांसाठी तो नाही. आणि औषधे तर आपली आपणच न्यायची. मधुमेह आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, वर आठवडाभराच्या जास्त, मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर कंपनीचे नाव नसले तरी चालेल, औषधाचे मूळ नाव हवे. तिथला फार्मसीवाला त्यावरूनच तसली गोळी देऊ शकतो. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि कोडीनचे खोकल्याचे औषध आखाती देशांत नियंत्रित यादीत आहे; चिठ्ठी आणि परवानगीशिवाय सापडले तर प्रश्न विम्याचा राहत नाही, पोलिसांचा होतो. खसखससुद्धा तिकडे बंदी असलेली वस्तू आहे. अम्मीने लेकासाठी बांधून दिलेल्या मसाल्यात ती नाही ना, हे बघा.

हजची गोष्ट थोडी वेगळी. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांसाठी भारत सरकार दरवर्षी आपले डॉक्टर आणि नर्स पाठवते. मक्का-मदिनेत त्यांचे दवाखाने उघडतात, आणि सौदीची सरकारी रुग्णालये हाजींवर तातडीचे उपचार करतात. पण हे सगळे ज्याच्याकडे हजचा अधिकृत परवाना आहे त्याच्यासाठी. २०२४ च्या हजमध्ये हरम शरीफच्या परिसरात तापमान ५१ अंशांच्या वर गेले होते. त्या वर्षी सौदी सरकारने १,३०१ मृत्यू जाहीर केले, आणि त्यातले ८३ टक्के लोक परवान्याविना आलेले होते. त्यांना ना थंड तंबू मिळाला, ना बस. मैलोन्‌मैल उन्हात चालले. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्या वेळी ९८ भारतीय हाजींच्या मृत्यूची माहिती दिली होती. "व्हिजिट व्हिसावर नेतो आणि गुपचूप हज करवतो" म्हणणारा कुणी तुमच्या मोहल्ल्यात आला तर पैसे वाचतील म्हणून त्याच्या नादी लागू नका. तो परवाना वाचवत नाही, तुमचे छप्पर काढून घेतो.

ज्यांना जुना हृदयरोग आहे, किडनीचा त्रास आहे किंवा जे वाटेत दुसऱ्या देशात मुक्काम करणार आहेत, त्यांनी व्हिसातल्या विम्यावर न थांबता भारतातून प्रवास विमा वेगळा घ्यावा. तो निघण्याआधीच घ्यावा लागतो. युरोपच्या शेंगेन देशांचा व्हिसा हवा असेल तर किमान ३० हजार युरोंचा असा विमा दाखवल्याशिवाय व्हिसाच मिळत नाही. कतारनेही फेब्रुवारी २०२३ पासून पाहुण्यांना विमा सक्तीचा केला आहे. पॉलिसी घेताना दोन ठिकाणी बोट ठेवा. पहिले, सुरुवातीची काही रक्कम आपण भरायची असते, ती किती डॉलर आहे. दुसरे, जुन्या आजारातून जिवावर बेतले तर कंपनी काही देते की तेही वगळले आहे. या दुसऱ्या ओळीतच साठीपुढच्या माणसाची सगळी पॉलिसी असते, बाकीची पाने चकचकीत कागद.

खरे सांगितलेले कामाला येते

आपल्याकडे फॉर्म भरताना एक वाक्य हमखास ऐकू येते: "शुगर लिहू नका, हप्ता वाढेल." या वाक्याने जितक्या घरांचे नुकसान केले असेल तितके कोणत्याही विमा कंपनीने केले नसेल, असे आमचे मत आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. पहिला २०२१ चा, ६ डिसेंबरचा. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाचा. एक गृहस्थ २००९ मध्ये नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले होते. त्यांनी परदेश प्रवासाची मेडिक्लेम पॉलिसी घेतली. वैद्यकीय तपासणी झाली, मधुमेह आहे हे कागदावर आले, आणि कंपनीने तरीही पॉलिसी दिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरल्यावर त्यांना घाम फुटला, अशक्तपणा आला. रुग्णालयात नेले, अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवावे लागले. बिल आले आणि कंपनीने हात वर केले: मधुमेह आणि कोलेस्टेरॉल तुम्हाला आधीपासून होते, आणि कोलेस्टेरॉलची गोळी घेत असल्याचे तुम्ही सांगितले नाही. ग्राहक आयोगात ते हरले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र म्हटले की मधुमेह कंपनीला माहीत होता, तो माहीत असताना तिने तपासून पॉलिसी दिली, हप्ता घेतला. आता त्याच आजाराचे कारण दाखवून तिला मागे फिरता येणार नाही. मधुमेहाच्या रुग्णाला ती गोळी सर्रास दिली जाते, तेवढ्या एका गोष्टीवरून क्लेम नाकारणेही न्यायालयाला पटले नाही.

दुसरा निकाल २००९ चा. त्यात मेडिक्लेम घेणाऱ्याने जुना मधुमेह आणि किडनीचा आजार लपवला होता. पुढे किडनी निकामी होऊन तो गेला. कुटुंब न्यायालयात भांडले. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली, कारण ज्या माहितीवरून पॉलिसी द्यायची की नाही हे ठरले असते, तीच दडवलेली होती.

पहिल्या माणसाला बारा वर्षे लागली, हे खरे. पण त्याच्याकडे लढायला काहीतरी होते. तपासणीच्या कागदावर 'मधुमेह' हा शब्द होता. फॉर्म भरणारा एजंट असला तरी सही आपली असते. फॉर्म मराठीत समजावून मागा आणि मग सही करा.

कमावत्या मुलांसाठी

आखातात काम करणाऱ्याचा आरोग्य विमा ही त्याच्या मालकाची जबाबदारी आहे. सौदीने खासगी नोकरीतल्या परदेशी कामगारांसाठी १९९९ च्या कायद्याने ही सक्ती आणली. दुबईत २०१३ च्या कायद्याने ती आली. तिथे कमी पगाराच्या कामगारासाठीच्या मूळ योजनेत वर्षाला दीड लाख दिरहमपर्यंतचे उपचार आहेत. शारजा, अजमान आणि उत्तरेकडची इतर अमिराती मागे होती. तिथे १ जानेवारी २०२५ पासून वर्षाला ३२० दिरहमची साधी योजना लागू झाली, आणि विमा असल्याशिवाय रहिवासी परवाना निघतही नाही, नव्याने होतही नाही. त्यात रुग्णालयात दाखल झाल्यास बिलाचा पाचवा हिस्सा कामगाराने भरायचा असतो, पण एका वेळी ५०० दिरहम आणि वर्षात १,००० दिरहम यांपुढे नाही.

हप्ता मालकाने भरायचा असतो, पगारातून कापायचा नसतो. कापला जात असेल तर मुलाने पगाराच्या स्लिपचा फोटो काढून ठेवावा.

आता खरी अडचण सांगतो. आपल्याकडून जाणारी कितीतरी मुले ज्याला 'आझाद व्हिसा' म्हणतात त्यावर जातात. कफील एक, काम दुसरीकडे. कागदावर ज्या माणसाचा तो नोकर आहे त्याने त्याला वर्षभर पाहिलेलेही नसते. असा कफील विमा काढतो का? काढला तरी कोणत्या दर्जाचा, कोणत्या दवाखान्यांत चालणारा? मुलगा रस्त्यावर पडेपर्यंत हे कुणाला कळत नाही. आणि व्हिजिट व्हिसावर जाऊन काम करणाऱ्याचे तर तिकडे कामगार म्हणून अस्तित्वच नसते. इकामा हातात आला की पहिल्याच आठवड्यात मुलाने त्या नंबरावर आपला विमा चालू आहे का, हे तपासावे आणि घरी त्याचा फोटो पाठवावा. आईला तो फोटो वाचता आला नाही तरी चालेल, मोबाइलमध्ये असला पाहिजे.

दहावी न झालेल्या मुलाच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो. सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशियासह १८ देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची परवानगी लागते, आणि त्या परवानगीबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, वर कर. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये, आजारपणात रुग्णालयासाठी १ लाखापर्यंत (एका वेळी ५० हजार), गावी असलेल्या कुटुंबाच्या रुग्णालयाच्या खर्चासाठी वर्षाला ५० हजार आणि नोकरीच्या वादात वकिलासाठी ४५ हजार रुपये आहेत. मिरचीच्या दोन पोत्यांच्या हमालीएवढ्या पैशांत याहून जास्त मिळणार नाही. आणि ही पॉलिसी निघालेली असूनही घरच्यांना तिचा पत्ता नसतो! एजंटने पासपोर्टबरोबर दिलेल्या फाइलमध्ये ती कुठेतरी असते. ती शोधून वारस म्हणून कुणाचे नाव आहे ते बघा. लग्नाआधी गेलेल्या मुलाच्या कागदावर वडिलांचे नाव असते, आणि ते वारलेलेही असतात.

दहावी झालेल्या मुलाला ही सक्ती नाही, म्हणून बहुतेकदा त्याच्याकडे यातले काहीच नसते. त्याने निदान अपघाताचा वेगळा विमा काढून जावे.

अगदीच कुणी नाही अशी वेळ आली, तर रियाधचा दूतावास आणि जेद्दाचा वाणिज्य दूतावास आहे. २००९ पासून आपल्या दूतावासांत भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. निराधार भारतीयाचे तातडीचे उपचार आणि मय्यत पाठवण्याचा खर्च त्यातून होऊ शकतो. पण तो गरिबी आणि निरुपाय पाहून दिला जातो, हक्काचा विमा नव्हे. घरून अर्ज करायचा असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' पोर्टल आहे. अर्जात मुलाचा पासपोर्ट नंबर लागतो. तो घरात कुठे लिहून ठेवला आहे का?

जायज की नाजायज

हा प्रश्न आला नाही असे होत नाही. आम्ही मुफ्ती नाही, म्हणून माहीत असलेले तेवढे मांडतो. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८५ च्या बैठकीत व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि त्याऐवजी सहकारी विमा, म्हणजे सभासदांनी एकमेकांसाठी जमा केलेला निधी, योग्य मानला. यालाच तकाफुल म्हणतात. अशी पहिली कंपनी १९७९ मध्ये सुदानमध्ये निघाली. सौदीच्या कायद्याचे नावच सहकारी आरोग्य विमा असे आहे. भारतात तकाफुलची अशी सोय नाही. कायद्याने किंवा व्हिसाने जिथे विमा सक्तीचा आहे, तिथे तो घ्यायला उलेमांनी मुभा दिलेली आहे. उमऱ्याचा आणि इकाम्याचा विमा त्यातच येतो. सक्ती नसलेल्या पॉलिसीविषयी मतभेद आहेत. आपल्या भरवशाच्या आलिमना विचारा. पण विचारताना 'विमा हलाल का' एवढेच न विचारता पॉलिसी कोणती, सक्तीची की ऐच्छिक, आजार कोणता, तेही सांगा. अर्धा प्रश्न विचारला की उत्तरही अर्धेच मिळते.

वेळ आली तर

परदेशात रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर सोबतच्या माणसाचे पहिले काम विम्याच्या फोनवर कळवणे. बहुतेक पॉलिसींत दाखल झाल्यापासून २४ तासांची मुदत असते. यादीतले रुग्णालय असेल तर कंपनी परस्पर बिल भागवते. नसेल तर आपण भरून नंतर मागायचे. तेव्हा लागणारे कागद तिथूनच घ्यावे लागतात: डिस्चार्जचा कागद, तपासण्यांचे रिपोर्ट, शिक्क्याची बिले, पैसे भरल्याच्या पावत्या. अरबी रिपोर्टची इंग्रजी प्रत तिथेच मागून घ्या, ती सहज मिळते; जालन्यात बसून अरबी वैद्यकीय कागद भाषांतर करून घेणे म्हणजे नवा आजार. बोर्डिंग पास फाडू नका आणि पासपोर्टवरचे ये-जा केल्याचे शिक्के फोटोत ठेवा.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येते. जालन्याच्या लोकांसाठी त्यांचे कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. विमा नियामकाचा फोन १५५२५५ आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे जालन्यातच. हे सगळे भारतातल्या कंपनीबाबत. सौदीत निघालेल्या विम्याची तक्रार तिथल्याच आरोग्य विमा परिषदेकडे करावी लागते, आणि ती मुक्कामात असतानाच केलेली बरी.

एक गोष्ट राहिली. मुलगा दहा-बारा वर्षे तिकडे असतो आणि कंपनीचा विमा असतो, म्हणून इकडे काही घेत नाही. मग एक दिवस खुरूज लागते. तो परत येतो, वय पंचेचाळीस, साखर सुरू झालेली, आणि विमा इकाम्याबरोबर संपलेला. आता तो पहिली पॉलिसी घेतो. जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षे केली आहे, आधी ती चार होती. पण तीन वर्षेही थांबावे लागतेच, आणि त्या काळात साखरेमुळे काही उद्भवले तर गाठ घाटीशी किंवा सरकारी कार्डाशी. तीच पॉलिसी त्याने तिकडे कमावत असताना, अंगात आजार नसताना, इकडे काढली असती तर परत येईपर्यंत मुदत भरून गेली असती. परदेशात राहणाऱ्या भारतीयालाही ती घेता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. पॉलिसी हातात पडल्यावर वाचून नको वाटली तर ३० दिवसांत परत करता येते. सुट्टीवर आलेल्या मुलाने गावी असतानाच तपासणी करून कागद पूर्ण करावेत, कारण तपासणीला माणूस समोर लागतो आणि सुट्टी बहुतेकदा लग्नांतच संपते.